साडेतीन गाण्यांचं मशीन

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. बारांकिया शहरात गेली सत्तावीस वर्षं मी लोकांची गाण्याची मशीनं दुरुस्त करते. नाव बेत्साबे चारिस, गल्लीत सगळे बेत्सा म्हणतात. अ‍ॅम्प्लिफायर, टर्नटेबल, स्पीकर, काय हवं ते आणा. मी हात लावला आणि बरं झालं नाही असं मशीन एकच, एदुल्फो मास्तरांचं. आणि त्यात चूक माझीच होती. झालं, बोलले एकदाची. आता हसा.

मास्तर म्हणजे एकाहत्तर वर्षांचे, शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले, नऊ वर्षांपूर्वी बायको वारलेली. शर्टाला इस्त्री अशी की कडेनं बोट कापेल. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर त्यांचं घर. आमच्याकडे मशीन घरात ठेवून ऐकायची पद्धत नाही. रविवारी दुपारी ते ओट्यावर यायचं, स्पीकरांची तोंडं रस्त्याकडे, आणि अख्ख्या गल्लीनं येऊन नाचायचं. मास्तरांचं मशीन सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत गोड, म्हणून त्या गल्लीचा रविवार त्यांचा. बाकीच्यांनी शनिवार भांडून वाटून घेतलेला.

तर मार्च महिन्यात या मशीननं सोंग आणलं. साडेतीन गाणी वाजायची. चौथं गाणं मध्यावर आलं की आतून 'टक्' असा आवाज, आणि सगळं चिडीचूप. नाचणारे हात वर करून तसेच उभे. मास्तर लगेच वायरी काढणार, अ‍ॅम्प्लिफायर टॉवेलात गुंडाळणार, आणि तान्हं पोर दवाखान्यात न्यावं तसे धावत माझ्या दारात हजर. रविवार माझा कामाचा दिवस, मी असायचेच.

"बाई, बघा ना, पुन्हा गेलं."

मी पिन लावायचे, बटण दाबायचे. वाजतंय! मजेत वाजतंय!

पहिल्या रविवारी मी फ्यूज बघितला तर त्याला सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. "मास्तर, हा फ्यूज आहे की तुमचं व्यसन? घर जाळायचंय का?" मास्तर खाली मान घालून उभे. चांगला फ्यूज घातला, मशीन घरी गेलं. साडेतीन गाणी, टक्.

दुसऱ्या रविवारी स्पीकरच्या वायरचा एक केसाएवढा धागा शेजारच्या वायरला चिकटलेला सापडला. मी म्हटलं, धरला चोर. कसला चोर! तिसऱ्यांदा डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे जोडून पाहिलं, दोष जागा बदलतो का ते बघायला. दोष असेल तर बदलेल ना! चौथ्यांदा झाकण उघडून आत साठलेली धूळ फुंकली, सोल्डरचे जुने डाग वितळवून नवे दिले, मीटर लावून एकेक भाग तपासला. नंतर चार तास सलग वाजवलं. चार तास! मी स्वयंपाक केला, जेवले, झाडू हातात घेऊन नाचले. मशीन खणखणीत. मास्तरांकडे गेलं, साडेतीन गाणी, टक्.

कुठल्याही कारागिराचा पहिला प्रश्न असतो, बिघाड कधीपासून? तो मी विचारला होता. मास्तर म्हणाले, मार्चपासून. दुसरा प्रश्न, मार्चमध्ये घरात काय बदललं? तोही विचारला होता. मास्तर म्हणाले, काही नाही. आणि मी गाढवीण, विश्वास ठेवला. घरी जाऊन बघायचं तर माझा नियम आडवा आला. मी कुणाच्या घरी जात नाही. घरी गेलं की लोक सूप पाजतात आणि सल्ले देतात.

मास्तरांच्या शेजारची नेल्फी अंड्याचे आरेपे, म्हणजे मक्याच्या जाड पुऱ्या, तळून विकते. आरेपे झकास, जीभ त्याहून तिखट. बाजारात भर गर्दीत ओरडली, "अगं बेत्सा, तुझा दवाखाना भारी हं! पेशंट तुझ्याकडे धडधाकट, घरी आला की बेशुद्ध! मांत्रिक बोलावू का?"

"तुझ्या तेलासाठी बोलाव आधी," मी म्हटलं, "तीन महिने झाले त्याला मरून."

असं उत्तर दिलं खरं, पण तळपायाची आग मस्तकात गेली. सतरा रविवार! सत्तावीस वर्षांत मिळवलेलं नाव सतरा रविवारांत धुळीला!

मग जुलैतल्या एका शनिवारी रोस्मिरा माझ्याकडे आली. ती मास्तरांच्या समोरच्या घरात राहते. सहासष्ट वर्षांची, विधवा, हातात कायम क्रोशाची सुई. तिच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त भांडतो. ती आली, स्टुलावर बसली, म्हणाली, "कोमाद्रे, सोमवारी चालले मी. मुलीकडे, बुकारामांगाला."

"किती दिवस?"

"कायमची. ती म्हणते, आई, तिथे एकटी कशाला राहतेस? आणि खरंच गं, कशाला राहते मी?"

 हातातला पेचकस उगाच फिरवत बसले. बारा तासांचा प्रवास, थंड गाव, आणि माझी कोमाद्रे तिकडे स्वेटर घालून बसणार! जाताना तिनं मला मिठी मारली, तेव्हा मी तिला म्हटलं की बसमध्ये खिडकीशी बसू नकोस, वारा लागतो. दुसरं काही सुचलंच नाही.

ती गेली आणि तासाभरात मास्तर आले. मशीनशिवाय. चेहरा असा, की परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी बरा.

"बाई, उद्या मला पाच गाणी हवीत. काहीही करा."

"पाचच का?"

मास्तर दाराकडे बघू लागले. मग भिंतीकडे. मग एकदम घडाघडा बोलले. "पहिल्या गाण्याला माझे हात घामेजतात, ते वाळायला ते गाणं जातं. दुसऱ्याला मी त्यांची तब्येत विचारतो. तिसऱ्याला कुंड्यांतली झाडं. चौथ्याला एखादा विनोद करावा, म्हणजे त्या हसतील. आणि पाचव्याला विचारावं. हिशेब करून ठेवलाय मी. पण चौथ्यात विनोद निम्म्यावर आला की हे टक् करतं."

"कुणाला विचारायचंय? काय विचारायचंय?"

"रोस्मिराबाईंना. माझ्या घरी येता का म्हणून." एवढं बोलून त्यांचे कान टोमॅटोसारखे झाले.

मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. सतरा रविवार हा माणूस प्रेमात पडून, अर्धा विनोद पोटात ठेवून, माझ्या दारात मशीन घेऊन उभा राहत होता! आणि मी त्याला फ्यूज दाखवत होते!

"अहो मास्तर, मग गाण्याशिवाय विचारा! रस्ता ओलांडा, दार वाजवा, विचारा!"

"गाण्याशिवाय?" मास्तर असे दचकले, जणू मी त्यांना कपड्यांशिवाय जायला सांगितलं. "बाई, मला ते जमायचं नाही."

झालं. नियम गेला खड्ड्यात. रविवारी दुपारी तीन वाजता हत्यारांची पिशवी खांद्याला मारून मी मास्तरांच्या ओट्यावर चढले. आणि तिथे बघते तर काय!

अ‍ॅम्प्लिफायरनं झगा घातला होता. पिवळाधमक, क्रोशाचा, जाड दोऱ्याचा, खाली झालर, पुढे बटणांपुरती भोकं, आणि वरती मधोमध एक लाल फूल. चारही बाजूंनी घट्ट. ज्या वरच्या जाळीतून मशीन श्वास घेतं, त्या जाळीवर ते फूल ठाण मांडून बसलेलं. वर जुलैचं ऊन. तापेल नाहीतर काय होईल? मशीनच्या आत एक पहारेकरी असतो, फार तापलं की टक् करून दार लावून घेतो, म्हणजे आतलं काही जळू नये. बिचारा सतरा रविवार आपलं काम चोख करत होता. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत होते!

"हे काय आहे?" मी ओरडले.

"झगा," मास्तर म्हणाले. "रोस्मिराबाईंनी विणलाय. दोन महिने विणत होत्या."

आता आठवलं. कोमाद्रेच्या हातात पिवळा दोरा मी बघितला होता. मला वाटलेलं टेबलक्लॉथ.

"कधी दिला?"

"मार्चमध्ये."

"मार्चमध्ये काही बदललं नाही म्हणालात ना?"

"मशीनमध्ये काही बदललं नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "कपडे बदलले."

"आणि माझ्याकडे आणताना काढून ठेवत होतात?"

"तुमचे हात तेलकट असतात, बाई."

देवा! मी डोकं धरून ओट्याच्या पायरीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मास्तर गोंधळून माझ्यासाठी कोरोसोच्या फळांचं सरबत घेऊन आले. ते पिऊन मी म्हटलं, "काढा हा झगा, आणि हवी तितकी गाणी घ्या."

"कदापि नाही."

"मास्तर!"

"त्या ओट्यावर आल्या की आधी झग्याकडे बघतात, मग माझ्याकडे. आज जायच्या आदल्या दिवशी झगा दिसला नाही, तर त्यांना काय वाटेल? नाही म्हणजे नाही."

समोर रोस्मिरा आपल्या दारात निळा पोशाख घालून, वेणीत फूल माळून, रस्ता ओलांडायच्या तयारीत. गल्ली गोळा होऊ लागलेली. नेल्फी आरेप्यांची टोपली घेऊन पहिल्या रांगेत. वाद घालायला वेळ नव्हता. मास्तर रेकॉर्ड पुसत होते, तेवढ्यात मी मशीनमागे वाकले. माझ्या आईनं मला क्रोशा शिकवायचा प्रयत्न केला होता. विणायला मी शिकले नाही, पण उसवायला शिकले. शेवटची गाठ सोडवली की सगळं एकाच दोऱ्यानं सुटत येतं. ही शेवटची गाठ लाल फुलाच्या खाली होती. म्हटलं, गाठ सोडवू, चारपाच फेरे उसवू, जाळीपुरती खिडकी झाली की बस्स. फूल वर ठेवून देऊ, कुणाला कळतंय? गाठ सोडवली, पाच फेरे काढले, दोऱ्याचं टोक मागे सोडून दिलं.

टोक बांधून ठेवायला हवं होतं, हे मला नंतर सुचलं.

पहिलं गाणं सुरू झालं. मास्तर आणि रोस्मिरा मधोमध. मास्तरांचे हात घामेजलेले लांबूनही दिसत होते. दुसरं गाणं. ओठांवरून कळलं, तब्येतीची चौकशी चालली आहे. आणि तेवढ्यात बघते तर दोऱ्याचं टोक ओट्यावरून सरपटत गेलंय, आणि रोस्मिराच्या चपलेच्या बक्कलात अडकलंय! ती गिरकी घेतेय, आणि इकडे झगा वरून एकेक फेरा कमी होतोय. फूल घरंगळून खाली पडलं. मी धावणार, तर नेल्फीनं माझा दंड पकडला.

"अगं बेत्सा, मशीन कपडे काढतंय!"

"गप! ओरडू नकोस!"

"अगं, मी कशाला ओरडू? मी तर पैसे देऊन बघेन हे!"

तिसरं गाणं. कुंड्यांतली झाडं. दोरा मास्तरांच्या घोट्यालाही लागला. दोघं फिरताहेत, दोरा दोघांभोवती फिरतोय, झगा कमरेपर्यंत उतरलाय. चौथं गाणं सुरू झालं. अख्खी गल्ली आता नाच सोडून मशीनकडे बघत उभी. सगळ्यांना सवयच झालेली, आता टक् होणार. गाणं मध्यावर आलं. मी श्वास रोखला. मध्य गेला! चौथं गाणं पुरं झालं! गल्लीनं टाळ्या वाजवल्या, नेल्फीनं मला मिठी मारली आणि माझ्या पाठीवर तेलाचा पंजा उमटवला. मी तर हवेतच होते. सत्तावीस वर्षांची अब्रू वाचली!

पाचवं गाणं. मास्तरांचा विनोद पुरा झालेला, रोस्मिरा हसलेली. आता विचारा, मास्तर. विचारा! मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. गाणं संपलं. रेकॉर्डची बाजू संपली. आणि मास्तर मला खुणा करतात, दुसरी बाजू लावा!

लावली. सहावं. सातवं. झाडं पुन्हा एकदा झाली. तब्येतही पुन्हा झाली असावी.  सातव्यानंतर रोस्मिरा थांबली, चपलेत काय अडकलंय म्हणून खाली वाकली, आणि तिला दोरा दिसला. दोऱ्यामागून जात तिची नजर मशीनपर्यंत पोचली. मशीन उघडंबोडकं, खाली फक्त झालर उरलेली. झालं, मेले मी.

दोरा सोडवून ती सरळ माझ्याकडे चालत आली. मास्तर दोऱ्यात पाय अडकून तिथेच उभे, गडी हलू शकेना.

"कोमाद्रे, हे तुझं काम."

"माझंच," मी म्हटलं. "मार मला. पण तुझ्या झग्यानं मशीन तापत होतं, म्हणून बंद पडत होतं. सतरा रविवार."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सुई काढते. पण ती अगदी हळू आवाजात बोलली. "म्हणजे मीच बंद पाडत होते? अगं, मला तर ते बंद पडलेलंच आवडायचं. गाणं थांबलं की मी उभी राहायचे, म्हणायचे आता तरी हा माणूस काही बोलेल. आणि हा मशीन उचलून तुझ्याकडे पळायचा. सतरा वेळा, बेत्सा. मला शेवटी तुझाच राग यायला लागला होता."

मागे आठवं गाणं सुरू झालं होतं, रेकॉर्डमधलं सगळ्यांत लाडकं. गल्ली नाचत होती. मास्तर लांबून हातवारे करत होते, या, या, अजून गाणी आहेत.

मी भिंतीशी गेले आणि पिन उपसली.

"गेलं!" नेल्फी किंचाळली. "गेलं पुन्हा! बेत्सा, तुझ्या दुरुस्तीला आग लागो!"

"हो, गेलं," मी म्हटलं. "मला येत नाही दुरुस्ती. लिहून घ्या सगळ्यांनी."

मास्तर दोऱ्यातून पाय सोडवत, सवयीनं, मशीनकडे झेपावले. मी आडवी उभी राहिले. देवानं मला अंगपिंड दिलंय ते काही उगाच नाही. "दवाखाना बंद आहे, मास्तर. आज नाही उघडणार. उद्याही नाही."

मास्तर तिथेच उभे राहिले. रोस्मिरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात खाली सोडून.  मास्तरांनी आकाशाकडे बघितलं. स्पीकरकडे बघितलं.

"आज उकडतंय," मास्तर म्हणाले.

मी त्यांना खरंच मारणार होते. रोस्मिरा नुसती उभी राहिली. मास्तरांनी रुमालानं हात पुसले, एकदा, दोनदा, आणि रुमाल खाली पडला तो उचललाही नाही.

"जाऊ नका," ते म्हणाले. "मी सात गाणी झाली तरी बोललो नाही, मी घाबरट आहे. तीन खोल्यांचं घर आहे, पण मला फार मोठं पडतं हो. सकाळी कॉफी दोन कप करतो आणि दुसरा ओतून देतो. नऊ वर्षं. तुम्ही आलात तर... मला चांगलं विचारता येत नाही, रोस्मिरा. पण जाऊ नका."

 रोस्मिरा म्हणाली, "नाही जात."

आणि मास्तरांच्या झुलत्या खुर्चीत जाऊन बसली, चपला काढून, पाय वर घेऊन, जसं आपल्याच घरी बसावं. मी तर पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडले, लाज वाटत नाही सांगायला. नेल्फीही रडली, आणि रडता रडता दोन आरेपे खाऊन गेली.

मास्तरांनी दुसरी खुर्ची ओढली आणि बोलू लागले. काय बोलत होते देव जाणे. शाळा, बायको, भूमिती, मार्चमधली गरमी, सगळं एकातून एक निघत होतं, थांबायचं नावच नाही. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. गल्ली चुळबुळायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "गाणं लावा की आता!" दुसऱ्यानं टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले आणि पिन हातात घेतली.

"बेत्सा," खुर्चीतून रोस्मिरा मान न वळवता म्हणाली, "पिन लावलीस तर बघ. मास्तर बोलतायत."